दहा महिन्यांची रेषा

३ मार्च

दहा महिने! तीनदा काढून पाहिले, तिन्ही वेळा दहाच.

हेड ऑफिसला महिनाअखेर आकडा हवाय – हे तेलक्षेत्र अजून किती दिवस चालेल. दिवसाला तीनशे पिंपांच्या खाली गेलं की कुलूप, हा त्यांचा नियम. आठ महिन्यांपूर्वी नऊ विहिरी मिळून सहाशे दहा पिंपं देत होत्या, आज चारशे पंचेचाळीस. घसरण टक्क्यांत धरायची, म्हणून लॉगच्या आलेखकागदावर ठिपके मांडले, पट्टी ठेवली, रेषा ओढली. पुढच्या जानेवारीत तीनशेला टेकली.

आणि कुलूप लागलं की मी घरी. बदलीचे तीन अर्ज करून झाले. तिन्हींना एकच उत्तर – क्षेत्र बंद झाल्यावर बघू. चार वर्षं हेच. दोन महिने इथे, बारा दिवस घरी, त्यातले दोन प्रवासात.

४ मार्च

राहवलं नाही. फोन करून लेकीला सांगून टाकलं. नाव टिंगू, पण उंची आता बापाच्या कानापर्यंत. सतरा पूर्ण होतील.

"जानेवारीत मी कायमची घरी."

"नक्की ना?" म्हणाली. थोडं थांबून पुन्हा, "म्हणजे अगदी नक्की?"

किती आसुसलीय पोर! मग नवऱ्याने फोन घेतला. "म्हणजे तुझ्या कपाटातून माझे सुटे भाग हलवायला लागणार." शिवणयंत्रं दुरुस्त करतो, त्याचे स्क्रू आणि चाकं म्हणे माझ्या साड्यांच्या खणात आहेत. राहू देत. मी खुर्चीवर साड्या ठेवीन.

५ मार्च

टिंगू सकाळी दात घासत घरभर फिरते. बेसिनपाशी उभी म्हणून राहत नाही, फरशीवर फेसाचे ठिपके. इथे यायच्या आधी मी रोज ओरडायचे. मला ते ठिपके पुसायचेत. रोज पुसायचेत, बारा दिवस पाहुण्यासारखे नाही.

९ मार्च

मीटरकाका जेवताना समोर येऊन बसले. तीस वर्षं इथले दाबाचे काटे वाचतायत, म्हणून मीटरकाका. म्हणाले, "बाई, ऐकलं ते खरं का? बंद करताय?"

म्हटलं, बघू, तेल आटतंय.

"तेल नाही आटलं. नळीत मेण धरलंय." चमचा वाटीत उभा करून दाखवला – भोवती दाटल्यासारखं. "पूर्वी दर महिन्याला गरम तेल सोडून नळ्या धुवायचो. ती गाडी बिघडलीय, आठ महिने झाले. मग कसं येईल वर?"

आठ महिने. माझी रेषा बरोबर तिथूनच वाकते. त्याआधी वर्षाला आठ टक्के घसरण, फार नाही.

जेवण तसंच टाकून उठले.

१० मार्च

काही केलं नाही.

११ मार्च

काहीच केलं नाही. फायली लावल्या.

साहेब दारातून डोकावून गेले. "रेषा छान आलीय की. आकडा पाठवा आणि मोकळ्या व्हा." कुणीही विचारणार नाहीये. ठिपके खरे आहेत, पट्टी सरळ आहे. खोटं असं त्यात कुठे काही नाही – हे आज स्वतःला पन्नासदा सांगितलं.

पण दगड आटला की नळी तुंबली, हे ठरवायचं म्हटलं तर ठरवता येतं. लोकांना वाटतं खाली तेलाचं तळं असतं. तळं कसलं, दगड! त्याच्या बारीक छिद्रांत तेल, आणि ते ढकलणारा दाब. विहीर तीन दिवस बंद ठेवायची, तळाशी मापक सोडायचा आणि दाब कुठवर चढतो ते बघायचं. दगड थकला असेल तर दाब चढणार नाही. नुसती नळी तुंबली असेल तर चढेल.

चढू नये असं मला वाटतंय. एवढ्या वर्षांत कुठल्याही मोजणीबद्दल मला असं काही वाटलं नव्हतं. लाज वाटते.

१४ मार्च

चार नंबरची विहीर बंद केली. साहेबांच्या कपाळाला आठ्या. "तीन दिवसांचं तेल जाणार, मॅडम." म्हटलं, जाणार कुठे, खालीच आहे.

१५ मार्च

चढतोय.

१७ मार्च

दाब दोन हजार तीनशे दहा. दोन वर्षांपूर्वी दोन हजार तीनशे साठ होता. दगडाला काही झालेलं नाही.

हिशेब पुन्हा मांडला. दगडातल्या शंभर भाग तेलातले बावीस आजवर निघाले, तीसपर्यंत निघतील. उरलेले सत्तर दगडालाच चिकटून राहणार. नवऱ्याला हे पहिल्यांदा सांगितलं होतं तेव्हा म्हणाला होता, "तीस टक्क्यांत पास? आणि वर पगार?" नळ्या धुतल्या की पाचशे ऐंशी पिंपं यायला हवीत, आणि मग जुन्याच संथ चालीने घसरण.

आठ वर्षं.

टिंगू पंचविशीची होईल.

१८ मार्च

दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी. दहा महिन्यांच्या कागदावरची अक्षरं माझीच, नेहमीपेक्षा सुबक. त्या दिवशी किती आनंदात होते!

मीटरकाका काट्यांची वही ठेवायला आले. जाताना दार हळूच लोटून घेतलं. त्यांची बायको इथल्याच दवाखान्यात कामाला आहे, जावई इथल्याच पंपावर. क्षेत्र बंद झालं तर ते घर कुठे जाईल हे मी आजवर मनात येऊच दिलं नव्हतं.

२१ मार्च

आठ वर्षांचा कागद पाठवला. सोबत चौथा बदलीचा अर्ज. साहेब म्हणाले, उत्तर तुम्हाला पाठ असेलच.

२२ मार्च

टिंगूला सांगितलं. गाडी दुरुस्त होऊन आली, मेण निघतंय, तेल वाढतंय, सगळं सांगितलं. म्हटलं, चूक माझी, तपासण्याआधी बोलून बसले. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन अक्षरांवरून काय ओळखायचं?

२६ मार्च

पाचशे बहात्तर. कँटीनमध्ये सगळे हसतमुख. मीही हसले. खोलीवर येऊन पोटभर रडले. मला घरी जायचंय. दुसरं काही नको, घरी जायचंय.

२ एप्रिल

टिंगूचा फोन, तिने स्वतःहून केलेला. तिला जहाजबांधणीच्या कॉलेजात जागा मिळालीय. घरापासून दोन दिवसांचा प्रवास, पाच वर्षं, सप्टेंबरात निघायचं. पत्र फेब्रुवारीतच आलं होतं. मी येते म्हटल्यावर तिने नकार लिहून ठेवला होता – "तू इतक्या वर्षांनी येणार आणि मी घरात नाही, असं कसं, आई?" पाठवायचा तेवढा राहिला होता. होकाराची शेवटची तारीख उद्या.

"जाऊ ना गं?"

जा म्हटलं. लगेच म्हटलं, तिला दुसऱ्यांदा विचारावं लागू नये म्हणून.