सिसिलियनमधला हत्ती

प्रिय उधळ्या,

तुझं कार्ड मिळालं. वजीर एक घर मागे घेतलास, बरं. पट खिडकीपाशी जेवणाच्या टेबलावर मांडलेलाच असतो. एकट्याला जेवायला असं कितीसं टेबल लागतं? ही गेल्यापासून पलीकडची बाजू तुझ्याच नावावर आहे.

दुकान आता मुलगा बघतो. भिंगं यंत्रावर घासून येतात, मला नुसतं शोभेला बसवतात, म्हणून मी जातच नाही. दुपारी पोस्टमनची वाट बघत जिन्यात उभा राहतो. विजेचं बिल आलं की त्याच्यावर उगाच खेकसतो. हल्ली बिल असलं की तो बिचारा लांबूनच मान हलवतो. खरं सांगू, तुझं कार्ड सोडलं तर माझ्याशी कुणी काही बोलत नाही.

आपण एका खोलीत राहायचो, तेव्हापासून तुझं एकच. मी राजापुढचं प्यादं सरकवलं की तुझा तो सिसिलियन बचाव ठरलेला. मग माझा घोडा समोर दिसला रे दिसला, की अख्खा हत्ती त्याच्यावर फेकून मोकळा. निम्मे डाव त्यापायी हरलास. क्रेनवर एवढाले बोजे अलगद उतरवणारा माणूस पटावर असा उधळा कसा, असं ही नेहमी विचारायची. मला मात्र तुझी ती खोड फार आवडायची.

हात थरथरतो म्हणून कार्डं आता धाकटी लेक लिहिते, असं तू कळवलंस. तेव्हापासून अक्षर तिचं आणि चाली तुझ्या. या डावात माझा घोडा तुझ्या हत्तीसमोर आला, पण हत्ती हलला नाही. म्हटलं, म्हातारपणी अक्कल आली. मग मी घोडा मुद्दाम बाजूला नेला आणि पुन्हा तिथेच आणून ठेवला. तुझं कार्ड आलं ते एक प्यादं सांभाळणारं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

पोरी, हे तूच वाचते आहेस. माझ्या मांडीवर बसून प्यादी चोखायचीस, आता खेळतेस छान, बापापेक्षा कितीतरी जपून. काका एकटा पडेल म्हणून तू हे चालवलंस, ते कळतं मला. तो कधी गेला, तेवढं सांग, म्हणजे मला धड रडता तरी येईल. डाव मात्र मोडू नकोस. माझा राजा एक घर कोपऱ्याकडे सरकवला आहे. पुढच्या कार्डाखाली तुझं नाव घाल.

तुझाच,
चष्मेवाला काका