यंत्र काढल्यानंतरचा श्वास

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची! वसतिगृहातली खोली काडेपेटीएवढी, पण खिडकी मोठी आणि खाली झाडांची दाट सावली. वर्गात मीच सगळ्यांत मोठी, चौतिशीची. बाकीची विशी-बाविशीतली, पहिल्या तासालाच त्यांनी मला ‘ताई’ करून टाकलं. श्वसनोपचाराचा हा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आहे, म्हणजे इथून पास झाले की कुठल्याही अतिदक्षता विभागात काम करता येईल. मॅडमनी बजावलं, नोंदवहीत सही नसेल तर ते काम केलंच नाही असं धरू. सोडायला आलेली आई जाताना म्हणाली, या वयात दप्तर घेतलंस, आता डबा तेवढा हरवू नकोस. दोघी खूप हसलो. वर्षभरात पहिल्यांदाच.

९ फेब्रुवारी
प्रात्यक्षिकाच्या खोलीत पलंगावर रबराचा पुतळा आहे. रोज त्याच्या छातीची काही ना काही तक्रार असते, म्हणून पोरं त्याला ‘आजोबा’ म्हणतात. भिंतीलगतचा पंप सुरू केला की छाती खाली-वर होते. बंद केला की नुसतं रबर. आज घशातली नळी साफ करायला शिकलो, आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायला. मॅडम म्हणाल्या, घाई नको, स्वतः घेता तसाच द्या. माझा हात लगेच बसला.
गेल्या वर्षी रुग्णालयात माझ्या धाकट्या बहिणीच्या, छकुलीच्या पलंगापाशी हेच काम करणारा एक जण असायचा. यंत्रावरची प्रत्येक रेघ मला समजावून सांगायचा. त्याच्याकडे बघूनच शाळेतली नोकरी सोडून मी इकडे आले.

१७ फेब्रुवारी
दुपारी सरावाला एकटीच थांबले. पंप बंद होता. दमून पिशवी खाली ठेवली आणि आजोबांनी श्वास घेतला. दोन तुटक हुंदके, मग एक लांब. रडून रडून झोपलेलं मूल घेतं तसा. छकुली झोपेत असाच श्वास घ्यायची. आमची अंथरुणं शेजारी-शेजारी असत, मला तो पाठ आहे.
लॅबवाल्या काकांना सांगितलं. त्यांनी नळ्या चाचपल्या. म्हणाले, रबरच ते पोरी, आत हवा कोंडते. पटलं. पटवून घेतलं.

१९ फेब्रुवारी
पुन्हा तसंच. या खेपेला काकांनी पंपाची वायर उपटून हातात धरली होती. दोघांनीही ऐकलं. काकांनी पुतळ्यावर तोंडापर्यंत चादर ओढली आणि मला बाहेर जायला सांगितलं.
चादर ओढायला नको होती.

२४ फेब्रुवारी
इथे लिहूनच टाकते. यंत्र काढायच्या कागदावर सही माझी आहे. आईचा हात धजेना. डॉक्टर म्हणाले होते, मेंदू आता सावरायचा नाही. यंत्र काढलं, सगळं शांत झालं, आणि मग छकुलीने एक श्वास घेतला. तोच, तुटक. मी ओरडले, पुन्हा लावा! डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, असं होतं, त्याला अर्थ नसतो.
बाहेर बसलेल्या आईला सांगितलं, झोपेत गेली.

१ मार्च
अभ्यासक्रमाची मान्यता तपासायला दोन परीक्षक आले. मॅडमनी मलाच पुढे केलं. काम दिलं ते आजोबांना रुग्ण समजून यंत्रावरून काढायचं. मी नळी काढली. सगळं शांत झालं. मग श्वास — आणि ओठ हलले.
परीक्षक खूश. पुतळा किती हुबेहूब आहे म्हणाले. मॅडम हसल्या, पण चेहरा पांढराफटक. बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, आपल्या पुतळ्याचे ओठ हलत नाहीत गं.
नोंदवहीत सही मिळाली.

४ मार्च
तासांना जात नाही. दुपारभर पलंगापाशी, तिच्याजवळ. आजोबा म्हणवत नाही आता. पिशवी दाबली की ती शांत असते. थांबले की घुसमटते — मला ते ऐकवत नाही. माझ्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून पाहिलं. एकोणनव्वद. काल त्र्याण्णव होता. मी देते तो श्वास पिशवीतला नाही —
काका म्हणाले, पुतळा उद्या हलवणार. आईला बोलावून घेतो.

५ मार्च
दार आतून लावलंय. डाव्या हातात पिशवी, उजव्याने लिहितेय. रबर कोमट झालंय. एक्क्याऐंशी. डोळ्यांपुढे काजवे. दम पुरत नाही — हिला पुरतोय. गालावर रंग —

काका दार ठोठावतायत. आईसुद्धा. ती म्हणतेय, एक गेली, तू तरी —
आई, थोडं थांब. हात सुटला तर ही पुन्हा —

बोटं वळेनात. पिशवी खाली पडली.

श्वास. तुटक. दोन. मग लांब.

दारावरच्या थापा थांबल्या. आईने ऐकलं. तिलाही तो पाठ आहे. आईने हाक मारली. मला नाही. छकुले, म्हणाली. आणि पलंगावरून ओ आली —