शनिवार, आठ चाळीस

धरमपेठ, नागपूर

प्रिय गोपिका,

फोनवर तू स्पीकर लावतेस आणि मागून जावईबापू हसतात, म्हणून हे पत्र. आपल्या मिनललाही वाचायला देऊ नकोस. समोरच्या गच्चीवरचा धिंगाणा थांबेल तेव्हाच नागपुरात पाय ठेवीन, असं म्हणून तू लेकीकडे पुण्याला गेलीस, त्याला उद्या दीड महिना होईल. मोगरा जगलाय. तुळस माझ्यावर रुसली आहे.

आधी बातमी. परवा पोलीस ठाण्यात बैठक झाली. आपल्या रहिवासी समितीतर्फे शेजारच्या यमुताई आणि चिटणीस म्हणून मी, समोर त्या गच्चीवरचा कॅफेवाला विक्की. यमुताईंनी फाटकात आडव्या लावलेल्या गाड्या, कुंपणावरच्या बाटल्या, एक वाजेपर्यंतचे स्पीकर, काही सोडलं नाही. विक्की म्हणाला, "काकू, माह्याकडे बारा पोरं कामाले आहेत. दहाले शटर पाडलं तर त्याईले काय देऊ?" यमुताई म्हणाल्या, "अन् मी झोपीच्या गोळ्या खाऊन जागीच राहू काय गा?" मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी नुसता पाणी पीत बसलो.

मग ठाणेदारांनी तुझी वही काढली. म्हणजे आवाजाच्या तू केलेल्या नोंदी, मी टाइप केलेल्या. तारीख, वेळ, गुन्ह्याचा प्रकार, तीन प्रतींत. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं दुसरं काय केलं? सहाव्या पानावर ते थांबले. 'शनिवार, आठ चाळीस. तोच रेडा पुन्हा ओरडतोय.' असे सहा शनिवार होते. "हा रेडा कोन हाय?" त्यांनी विचारलं. विक्की छताकडे बघायला लागला. पोरगा इमानी निघाला.

आता ऐक, आणि आधी बसून घे. जानेवारीत विक्कीला दम द्यायला तूच मला पाठवलं होतंस. त्यानं माझ्या हातात माइक दिला. "काका, आधी एक गाणं म्हना, मंग भांडू." कराओके होतं ते. संगीत यंत्रातून वाजतं, शब्द पडद्यावर येतात, आपण फक्त लाज सोडायची. तुझ्या माहेरी सगळे गाणारे. पहिल्या दिवाळसणाला मी तोंड उघडलं आणि तुझी बहीण पदरात तोंड घालून हसली, तेव्हापासून मी न्हाणीघरातसुद्धा गुणगुणलो नव्हतो. त्या दिवशी मात्र कॉलेजची चार पोरं टाळ्या वाजवून "वन्स मोअर काका" म्हणाली, आणि मी वाया गेलो. शनिवारचं माझं फिरणं म्हणजे फक्त रस्ता ओलांडणं होतं.

तू खिडक्या लावून, डोक्याला रुमाल बांधून बसायचीस आणि मी घरी येऊन विचारायचो, "आजही तोच का?" याची मला फार लाज वाटते, गोपिका.

मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, तो रेडा मीच आहो." यमुताईंच्या हातून गोळ्यांची डबी पडली. ठाणेदारांनी तक्रारदार बाई कुठे आहेत विचारलं. मी खरं ते सांगितलं, की माझ्याच आवाजाला कंटाळून पुण्याला गेल्या. त्यानंतर भांडायला कुणाला तोंडच उरलं नाही.

अर्ध्या तासात कागद झाला. दहानंतर स्पीकर बंद, बसणाऱ्यांनी आत काचेमागे बसायचं. गाड्या मागच्या मोकळ्या जागेत. कराओके शनिवारी, सात ते साडेआठ. कालपासून विक्कीनं स्वतःहून सगळं पाळलंय. रात्री चक्क आपल्या पंख्याचा आवाज आला, आणि मला झोप आली नाही.

पण तक्रार तुझ्या नावावर आहे, म्हणून कागदावर तुझी सही लागते. कराओकेची ओळ खोडायची असेल तर खोड, मी चकार शब्द काढणार नाही. कागद पोस्टानं पाठवला तरी चालेल, असं ठाणेदार दोनदा म्हणाले. मी तो पाठवत नाहीये. तुझ्या उशीखाली ठेवलाय.

तुझाच,
रेडा
(रूपराव)