ओढ्यापलीकडे एकही नाही

३ जुलै, सकाळी

मी बोलते, फोन लिहितो. मला अक्षर येत नाही, तेव्हा हे मीसुद्धा वाचणार नाही. इतकी खासगी रोजनिशी या घरात दुसऱ्या कुणाची नसेल.

आजपासून मॉडेल शिकणार. नात गोगलगायींचा अभ्यास करते. एवढं शिकून गोगलगायी. पाठीवर तांबडी रेघ असलेली एक जात आहे, ती कुठे कुठे राहत असेल याचा नकाशा कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचा, त्याला म्हणे मॉडेल म्हणतात. सापडली ती ठिकाणं त्याला द्यायची, तिथली ओल, सावली, चढउतार द्यायचे, मग तो न पाहिलेल्या जागांबद्दलही सांगतो. न पाहिलेल्या जागांबद्दल मीही जन्मभर सांगत आले. मला कुणी पगार दिला नाही.

नातीच्या मास्तरांनी बजावलंय, नकाशा खरा निघाला तर पुढच्या वर्षीही काम तिचं, नाहीतर दुसऱ्या कुणाला. आणि ही घसरून पाय मोडून बसली. तेव्हा ठिकाणं गोळा करणार मी.

४ जुलै

शिकवणी. नात म्हणाली, नुसत्या सापडलेल्या जागा नकोत आजी, शोधून न सापडलेल्याही हव्यात. आणि नेहमीची वाट सोडून फिरायचं. मी म्हटलं, पन्नास वर्षं इथे चालतेय, मला वाट शिकवू नकोस. ती म्हणाली, तेच तर म्हणतेय मी. उद्धट. आईवर गेलीय.

५ जुलै

गोगलगाय दिसली की फोटो काढायचा. जागा फोन आपणच टिपतो. आज अकरा. दवाखान्याची वाट, भाजीवाल्यामागची भिंत, माझा वाफा. वाफ्यातल्या दोन फोटो झाल्यावर चिरडल्या. पाला कुरतडत होत्या. नातीला हे सांगायची गरज नाही.

८ जुलै

निश्चय होता, जुन्या खाणीकडे जायचं. गुडघा. दवाखान्याच्या वाटेवर सहा.

९ जुलै

खाणीकडे अर्ध्यापर्यंत गेले. त्या बाजूला बसायला एक बाक नाही. जिथे बाक नाही तिथे गोगलगाय तरी कशाला जाईल. परत आले. दवाखान्याजवळ नऊ.

११ जुलै

नातीनं ओढ्यापलीकडचं विचारलं. पलीकडे माझी धाकटी जाऊ राहते. वाटणीत शिलाईचं मशीन उचलून नेलं, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून मी तो पूल ओलांडलेला नाही. तोंडावर गोड, आतून पक्की. गोगलगाय अन् पोटात पाय. बावीस वर्षांत गेले नाही, ती आता किड्यांसाठी जाऊ?

नातीला सांगितलं, जाऊन आले, बारा जागा पाहिल्या, एकही नाही. तिनं नकाशावर बारा फुल्या मारल्या. याला खोटं म्हणता येणार नाही. त्या बाईच्या शेजारी कोण सुखानं नांदेल?

१५ जुलै, दुपारी

परीक्षा झाली. चाळीसपैकी दहा ठिकाणं मॉडेलपासून झाकून ठेवायची, मग त्याला विचारायचं, इथे असेल का? पेपर फोडायचा नाही, एवढाच नियम. मार्क एकात मोजतात. अर्धा म्हणजे नाणं उडवून सांगितल्यासारखं, एक म्हणजे अगदी बिनचूक. आमचं आलं पॉइंट चौऱ्याण्णव.

नात पुटपुटली, झाकलेली दहाही तुझ्याच वाटेवरची आहेत ना. दृष्ट लावणारी माणसं घरातच असतात.

नकाशा देखणा झालाय. दवाखान्याची वाट लालभडक, ओढ्यापलीकडे पांढराफटक. यंत्रालाही माणसं कळतात.

१८ जुलै

सुनेला मॉडेल समजावून सांगितलं. भांडी पुसता पुसता म्हणाली, आई, हा नकाशा गोगलगायींचा आहे की तुमच्या फिरण्याचा? तिची शिकवणी बंद.

२२ जुलै

मास्तरांनी दोन परकी माणसं पाठवली. वीस नवी ठिकाणं तपासणार, तीही चिठ्ठ्या टाकून निवडलेली. त्यातली आठ पलीकडची. मी हरकत घेतली. नात म्हणाली, चिठ्ठ्यांना तुमचं भांडण माहीत नाही आजी.

२३ जुलै, दुपारी

पॉइंट एक्कावन्न.

पलीकडे आठपैकी सात जागी सापडल्या. खाणीतही. जावेच्या मोरीमागे एका दगडाखाली एकोणीस. ती म्हणे रोज मोजते. बाईला दुसरं काम नाही.

मास्तरांचा फोन आला. नात नऊ वेळा ‘हो सर’ म्हणाली. आठ दिवसांची मुदत. मग मला विचारलं, आजी, तू गेली होतीस ना पलीकडे? मी म्हटलं, त्या दिवशी पाऊस होता, नीट दिसत नव्हतं. तिनं बाराही फुल्या एकेक करून पुसल्या. पुसताना मोठ्यानं मोजल्या.

२४ जुलै

नात बोलत नाही. मी तर मुळीच बोलत नाही. चूक कॉम्प्युटरची आहे.

२६ जुलै

नात कुबडी घेऊन पूल ओलांडून गेली. जाऊ तिला हात धरून दगड दगड दाखवत होती. मी पुलाच्या अलीकडून पाहिलं. योगायोगानं तिथे उभी होते, दोन तास. जावेनं विचारलं म्हणे, तुझी आजी नाही आली? नात म्हणाली, तिचा सर्व्हे कधीच पूर्ण झालाय.

३१ जुलै

नवा नकाशा. आता परीक्षाही वेगळी, ओढ्याची एक बाजू दाखवायची आणि दुसऱ्या बाजूवर प्रश्न विचारायचे. पॉइंट अठ्ठ्याहत्तर. माझ्या चौऱ्याण्णवच्या जवळपासही नाही. तरी मास्तर खूश, नातीचं काम राहिलं. जगात न्याय नाही. पोरीचं राहिलं ते बरं झालं.

६ ऑगस्ट, संध्याकाळी

अहवाल आला. आभारांत जावेचं नाव आहे, एक ओळ. माझं काय, विचारलं. नात म्हणाली, तुझ्यावर दोन पानं आहेत. दोन पानं. भाजीवाल्याला सांगितलं, दवाखान्यातल्या नर्सला सांगितलं. घरी सगळ्यांना बसवलं आणि नातीला म्हटलं, वाच मोठ्यानं.

‘ठिकाणं गोळा करणाऱ्या व्यक्तीच्या सवयी, गुडघे आणि जुनी वैरं यांमुळे नकाशा कसा बिघडतो, याचं एक उदाहरण.’

पहिलं अर्धं पान ऐकलं. मी म्हटलं, बास. सून म्हणाली, थांबू नकोस, वाच पुढे.