गोऱ्या साहेबाला माझ्या मिळकतीत वाटा नाही

मी, उद्धव रामजी काळोखे, धंदा लोखंडी सामानाचे दुकान, राहणार चिंचवड स्टेशनजवळ, तालुका हवेली, जिल्हा पुणे, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाचे दडपण नसताना आणि कसलीही नशा केलेली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर आहे की नाही हे कायदा विचारत नाही, म्हणून ते लिहीत नाही. छातीत अधूनमधून कळ येते आणि डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलतो, एवढे कारण पुरे आहे.

मागच्या चैत्रात मी एक मृत्युपत्र केले होते. ते मी याद्वारे रद्द करतो. का, ते पुढे येईल. वाचणाऱ्याने घाई करू नये.

कलम पहिले. दुकान, दुकानातला माल, म्हणजे खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, कुलपे आणि जे काही फळीवर सापडेल ते, माझा पुतण्या चिमाजी, मुक्काम तळवडे, याला मिळावे. पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिल्यापासून या भागात जो तो घर बांधतो आहे, तेव्हा दुकान उपाशी ठेवणार नाही. मात्र खिळे जोखताना चिमाजीने तराजूला बोट लावू नये. त्याचा बाप लावत असे. माझा थोरला भाऊ होता, वारला, म्हणून जास्त लिहीत नाही, पण लावत असे.

दुकान आणि घर यांच्यामध्ये फळ्यांची भिंत आहे आणि तिला गल्ल्यामागे एक फट आहे. ती चिमाजीने बुजवून टाकावी. मला तिचा उपयोग होता, त्याला नाही.

कलम दुसरे. समोरच्या गॅरेजवाला कादर हुसेन शेख माझा जुना दोस्त. त्याला या कागदातून काही देत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे नानासाहेब वकिलांनी सांगितले. म्हणून माझी सायकल त्याला आजच देऊन टाकली. तिची घंटा वाजत नाही हे त्याला माहीत आहे, त्याने सतरा वेळा नीट केली आहे.

कलम तिसरे. अर्जुनराव दळवी, इंग्रजी शाळेतले मास्तर, विधुर, आमच्या पडवीच्या खोलीत भाड्याने राहतात. ही खोली त्यांना मीच दिली हे आमच्या मंडळी मला अजून ऐकवतात. मास्तर सज्जन आहेत. कपडे स्वच्छ, बोलणे हळू, केस अजून काळे. दुसरे साक्षीदार त्यांना मी मुद्दाम केले आहे. कारण वर आलेच आहे: साक्षीदाराला काही मिळत नाही.

कलम चौथे. यात द्यायचे काही नाही, पण हे सांगितल्याशिवाय पाचवे कळणार नाही.

मास्तरांजवळ एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आहे. विलायतेत ती फार नावाजलेली असून जुनी आहे म्हणतात. त्यात एका खेड्यातल्या लग्नाच्या मुली, त्यांची घायकुतीला आलेली आई, आणि एक श्रीमंत, ताठ मानेचा गोरा साहेब. त्याचे नाव मी या कागदावर येऊ देणार नाही. शाळा सुटली की मास्तर ओट्यावर बसून ती गोष्ट मराठीत सांगत. ऐकायला माझी पत्नी सुमन आणि कादरची बायको ताहेरा. दोघींच्या पुढ्यात सुपे असत, पण धान्य कमी आणि गोष्टच जास्त निवडली जाई. तो साहेब एका मुलीला आधी तुच्छ लेखतो, मग तिच्यावर जीव टाकतो, मग मागणी घालतो तीही उपकार केल्यासारखी, आणि ती मुलगी त्याला सरळ नाही म्हणते. त्या दिवशी ओट्यावर दोघींनी टाळ्या वाजवल्या. मी फटीतून पाहिले. माझ्या दुकानाचे उद्घाटन झाले तेव्हा सुमनने टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मग तो साहेब सुधारू लागला आणि माझे दिवस फिरले. भाकरी थापताना त्याचे नाव, दळताना त्याचे नाव. आता इथे सांगितले पाहिजे की सुमनने माझे नाव लग्नात उखाण्यात घेतले, त्यानंतर आजवर नाही. आमच्याकडे बायका घेत नाहीत हे मला ठाऊक आहे. मी ‘अवं’ आहे, ‘ऐकलं का’ आहे, पाहुण्यांपुढे ‘दुकानातले’ आहे. आणि हा कोण कुठला गोरा, त्याचे नाव माझ्या चुलीपुढे दिवसभर! शेवटी जेवताना मी म्हणालो, “त्या सायबाचं नाव घेतीस, माझं घेतलं तर जीभ झडती व्हय?”

ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, “नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी हुतं. तुमी ऱ्हायला पायजे. त्यो सायब काय, मेला तर मरू द्या.”

त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली. हा मत्सर आहे असे कादर म्हणतो. मत्सर आहेच. मी काही संत नाही, बिजागऱ्या विकणारा माणूस आहे.

पण हे सुख टिकले नाही. त्याच कादंबरीत साहेबाला नाही म्हणणाऱ्या त्या मुलीची एक मैत्रीण आहे. तिला स्थळ नाही, रूप नाही, वय चाललेले. ती एका कंटाळवाण्या, बडबड्या पाद्र्याशी लग्न करते, का, तर त्याला घर आहे. तिचा विषय पुन्हा निघाला तेव्हा मास्तर म्हणाले, “हे लग्नच नव्हे. प्रेम नसेल तर दोन माणसांनी एका छपराखाली राहणं म्हणजे धर्मशाळा.” ताहेरा म्हणाली, “मास्तर, आधी लगीन तर होऊ द्या. पिरेम काय, मागनं येतंय चालत.” मी फटीला कान लावून उभा. गिऱ्हाईक पाव शेर खिळे मागत होते, त्याला मी हाताने गप्प केले. आणि माझी सुमन म्हणाली, “ती पोरगी चुकली न्हाई. पोरीच्या जातीला छप्पर पायजे. ज्यानी धक्के खाल्लं न्हाईत त्यानी पिरेमाचं बोलावं.”

गिऱ्हाईक निघून गेले. मी फट सोडली नाही.

सुमन निघोज्याची. आईबाप लहानपणी गेले, मामाने वाढवली आणि वाढवल्याचे रोज बोलून दाखवले. मी तिला पहिल्यांदा चाकणच्या बाजारात पाहिली. मामाच्या कांद्याच्या ढिगाशी बसून एका दलालाशी भांडत होती आणि दलाल हरत होता. मी त्याच आठवड्यात मागणी घातली. माझे वय तेव्हा तिच्यापेक्षा बरेच जास्त, तोंडावर देवीचे व्रण, पण स्टेशनजवळ दोन खोल्यांचे स्वतःचे घर. तेव्हा आमचा प्रेमविवाह आहे, एका बाजूने. दुसऱ्या बाजूचे मी कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. “तू छपरासाठी केलंस का माझ्याशी?”

तिने सरळ उत्तर दिले. सुमनला आडवळण येत नाही. “मंग कशाखातर? तुमाला म्यां पाह्यलं तरी कवा हुतं? मामाच्या घरातनं निघायचं हुतं मला.”

म्हणजे त्या कादंबरीतला साहेब मी नव्हेच. मी तो पाद्री. मला जिवाला लागले ते असे लागले की अजून तसेच आहे. “आणि आता?” एवढे दोन शब्द पुढे विचारायचे होते. मी ते विचारले नाहीत. पुण्याला जाऊन मृत्युपत्र केले.

त्या चैत्रातल्या कागदात असे लिहिले होते की माझ्या पश्चात सुमनने हयातभर घरात राहावे, परंतु तिने दुसरे लग्न केल्यास, किंवा अर्जुनराव मास्तराने घराचा उंबरा ओलांडल्यास, घर चिमाजीकडे जावे. नानासाहेब वकिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण लिहिले. मी समाधानाने परत आलो आणि कादरला वाचून दाखवले.

कादर ट्रकखाली होता. तिथूनच बोलला. “उद्धवभाऊ, भाभी घरासाठी राहिल्या का तुमच्यासाठी, हेच तुम्हाला पाहिजे ना? मग अशी अट घातली तर त्या अटीसाठी राहतील. कळणार कसं? आणि कळलंच तर तुम्ही तेव्हा असाल कुठं, भावा?”

मी त्याला शिव्या दिल्या आणि दुकानात येऊन बसलो. पुष्कळ दिवस तसाच बसलो.

कलम पाचवे. घराबद्दल. वाचणारे इथवर घरासाठीच आले असतील. चिमाजी तर नक्की. तर या मृत्युपत्रात घर नाही. माझे स्वकष्टार्जित राहते घर, पडवी, परसू आणि विहिरीतला हिस्सा यांसह, मी गेल्या सोमवारी माझी पत्नी सौ. सुमन हिला रजिस्टर बक्षीसपत्राने देऊन टाकले. माझ्या पश्चात नव्हे, आजपासून. कसलीही अट नाही. तिने मला ठेवावे अशीही नाही. नानासाहेबांनी तीन वेळा विचारले, “राव, तुमचा राहण्याचा हक्क तरी लिहू का?” मी नको म्हणालो. तो हक्क लिहिला असता तर मी छपरासाठी राहिलो असतो, आणि तिने कायद्यासाठी ठेवले असते. मला जिवंतपणी जाणून घ्यायचे होते.

कचेरीत कागद वाचून दाखवला तो सुमनने ऐकला, अंगठा न देता सही केली आणि पदर सावरला. परतताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली. माझ्या छातीत कळ येत होती, पण ती डॉक्टरची नव्हे. घराशी आलो. तिने कुलूप काढले, आत गेली, आणि मी ओट्यावर थांबलो. मास्तर पडवीच्या दारात येऊन बघत होते. आम्ही दोघे तसेच उभे.

सुमन दारात आली. “आत या की. परक्यागत उभं काय ऱ्हायलाय?”

मी म्हणालो, “घर तुझं आहे आता.”

“व्हय. म्हनून तर बोलावतीया. आजवर घर तुमचं हुतं, तुमाला बोलवायची सोयच न्हवती मला.”

मी आत गेलो. तेव्हापासून आतच आहे.

मास्तरांची खोली चालू ठेवायची की नाही हे आता घरमालकीण ठरवील. मला विचारले तर मी माझे मत देईन. अजून विचारलेले नाही.

त्या दिवशी तिने मास्तरांनाही चहाला आत बोलावले. पण माझ्यानंतर. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण ते स्वतः साक्षीदार आहेत आणि त्यांना नाकारता येणार नाही.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. खोडाखोड नाही. हीच माझी शेवटची इच्छा समजावी.

सही: उद्धव रामजी काळोखे

आमच्यासमक्ष उद्धवराव यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही सह्या केल्या:
१. कादर हुसेन शेख, धंदा मेकॅनिक, चिंचवड
२. अर्जुन बाबूराव दळवी, शिक्षक, चिंचवड. (कलम पाचव्यातील चहाबद्दलचा मजकूर खरा आहे.)

मुक्काम चिंचवड, दिनांक १२ डिसेंबर १९५७