निळी पिकअप चाऱ्याला लागेना

चकलांबा, ता. गेवराई

तीर्थस्वरूप आसाराममामा यांना भाचा लखन याचा साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच गोड मानून घ्या, कंबर अजून वाकत न्हाई. कावून वाकत न्हाई ते पुढं येईलच.)

तुमचा गुडघा आता कसा हाय? खांबावर चढताना त्रास होत असंल तर नव्या पोरांना चढवा, तुमी खालून ओरडा. मामीची शुगर, नांदूरघाटच्या विजेच्या लायनी, सगळं ठीक असंल. इकडं आप्पा खुशाल, मेंढरं-शेरडं खुशाल, सुलतान एडका तर लईच खुशाल. आईचं काय सांगू, तिच्याइतकं खुशाल सध्या तालुक्यात कुणी न्हाई. राहिलो मी. माझं तुमीच वाचून ठरवा. फोन करायचा सोडून पत्र कावून, असं तुमाला वाटंल. तर तुमचा फोन मामी उचलते, आन मामीला सांगितलेलं माझ्या हातातला चहा संपायच्या आत आईला कळतं. म्हणून हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर. आमच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत पत्र म्हणजे हेडमास्तरांकडं रजा मागायची एवढंच शिकवलं, तेव्हा मायना चुकला असंल तर रजा मंजूर करून पुढं वाचा.

तुमी आप्पांना माझ्यासाठी पुण्यातल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं सुचवलं, त्याबद्दल लई आभार. (मनापासून न्हाईत, पण आभार.) मला मात्र शेरडांचा धंदा करायचा हाय, हे तुमाला ठाऊकच हाय. आपली जुनी डिझेल पिकअप उन्हाळ्यात जी बसली ती उठलीच न्हाई. मी म्हणालो, आप्पा, आता इलेक्ट्रिक घेऊ. आप्पांनी तंबाखू मळता मळता ऐकलं आन म्हणाले, "तूच पारखून दे. चांगली निघाली तर धंदा तुझा. फसली तर तिच्यातच बसून पुण्याला जायचं." झालं. माझं अख्खं आयुष्य एका गाडीवर आलं.

आता मला वाटत होतं की या विषयात माझ्याएवढा अभ्यास जिल्ह्यात कुणाचा नसंल. दोन वर्षं मी अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक पिकअपचे व्हिडिओ बघतोय. त्या एवढाल्या गाड्या डोंगर चढतात, नदीतून जातात, घरंच्या घरं ओढतात. मी आप्पांना टफनेस, ट्रॅक्शन, रेंज आन चार्जिंग असे चार मुद्दे समजावून सांगायला बसलो. तासभर बोललो. आप्पा म्हणाले, "म्हंजी हाडाला कशी, पायाला कशी, दम किती आन चाऱ्याला कशी. मग सरळ सांग की." (मामा, हे ऐकून मला माझ्या फीचे पैसे आठवले.) मग त्यांनी विचारलं, "शेरडं किती बसत्यात?" आता बघा, इतके व्हिडिओ बघितले, पण त्या अमेरिकेतल्या एकाही माणसानं शेरडं किती बसतात ते सांगितलं न्हाई.

तर दोन शोरूमवाल्यांना फोन करून दोन गाड्या डेमोला बोलावल्या. एक काळी कुळकुळीत, नुसती चमकत होती. तिच्यासोबत टाय घातलेला एक साहेब. दुसरी निळी, रस्त्यानं धुळीनं माखून आलेली, तिच्यासोबत बद्रीनाथ नावाचा पोरगा, तोही तसाच माखलेला. मला बघताक्षणीच काळी पसंत पडली. मी मोबाईल काढून तिच्यासमोर उभा राहिलो आन इंग्रजीत "हॅलो गाइज" म्हणालो. माझ्या मागं सुलतान मोकळा होता हे एकाही गाइजनं मला सांगितलं न्हाई. काळीच्या दारात सुलतानला दुसरा एक एडका दिसला, तोही याच्याकडंच खुन्नस देऊन बघत होता. पुढचं मी शूट केलंय, फक्त त्यात आभाळ जास्त दिसतं. दार आत गेलं. आप्पांनी आधी सुलतानचं कपाळ चाचपून बघितलं, मग दाराकडं बघितलं, आन म्हणाले, "हाड कवळं हाय." साहेब म्हणाला, असं वॉरंटीत येत न्हाई. निळीवर धूळ असल्यामुळं सुलतानला तिच्यात कुणीच दिसलं न्हाई, तो तिच्या चाकाला अंग घासून निघून गेला. म्हणून निळी टफ. एवढ्या अभ्यासानंतरचा हा माझा पहिला निष्कर्ष.

मग पायाची परीक्षा. मी रानात काही खुणा करून, दगड मांडून ठेवले होते, व्हिडिओत असतात तसे. आप्पांनी ते पायानं बाजूला सारले आन शेजारच्या गहिनीनाथकाकाची बैलगाडी मागवली. बाजारात बैल घेताना गाडीची चाकं दोरानं बांधून ओढायला लावतात ना, तेच. पाणी दिलेलं काळं रान, त्यात चाकं बांधलेली गाडी, गाडीत वाळू. आधी काळी जोडली. तिची चाकं फिरली, चिखल उडाला, साहेबाच्या टायला रंग आला आन ती पोटापर्यंत खाली बसली. मग निळी. यावेळी व्हिडिओ नीट यावा म्हणून मी बैलगाडीवर वाळूच्या ढिगावर उभा राहिलो आन लोकांना समजावून सांगू लागलो की मंडळी, डिझेल गाडी आधी कण्हते मग ओढते, पण इलेक्ट्रिक मोटर सगळा जोर एकदम, पहिल्याच क्षणाला देते. हे मी तोंडानं सांगतोय, मला पाठ हाय, तरी ते माझ्या पायाखाली होणार हाय एवढं माझ्या ध्यानात आलं न्हाई. बद्रीनाथनं पाय दाबला. आवाज न्हाई, धूर न्हाई, इशारा न्हाई. बैलगाडी पुढं गेली आन मी जिथं होतो तिथंच राहिलो, फक्त आता खाली काही नव्हतं. न्यूटनचा पहिला नियम मला इंग्रजीत पाठ होता, मराठीत त्या दिवशी कळला. कंबरेचं हे असं झालं. गहिनीनाथकाका वरून वाकून म्हणाला, "काय बे लखन, गाडी इकत घ्यायची हाय का रान नांगरायचं हाय?" मग निळीनंच काळीला चिखलातून ओढून काढलं. साहेब आत बसून स्टेअरिंग धरून होता, पण कुणाकडं बघत नव्हता. ती गेली ती गेलीच.

नवं जनावर आधी चार दिवस दावणीला ठेवून बघतात, तशी निळी आमच्याकडं राहिली. रेंज, म्हणजे दम, यात मात्र मी कुणाचीच मदत घेतली न्हाई, सगळी माती मीच केली. उमापूरच्या बाजाराच्या दिवशी सकाळी शेरडं भरायच्या आधी मी गाडी घेऊन गेवराईला गेलतो, दोस्तांना दाखवायला. एकेकाला बसवून पळवली. गाणी वाजवली. परत आलो तेव्हा पडद्यावर जेवढे किलोमीटर दिसत होते तेवढ्यात उमापूर आरामात बसत होतं, पण तो हिशोब रिकाम्या गाडीचा होता आन मी ती कशी हाकतो हे गाडीला माहीत नव्हतं. उमापूर दिसायला लागलं आन निळी उभी राहिली. आप्पांनी मागचं फळकं पाडलं, शेरडं खाली उतरवली, हाळी दिली आन शेरडं घेऊन चालत बाजाराला गेले. माल वेळेत पोचला, गाडी न्हाई पोचली. संध्याकाळी गहिनीनाथकाकाच्या त्याच बैलांनी निळीला ओढत घरी आणलं. मी स्टेअरिंगवर. रस्त्यात लोक बैलांची किंमत विचारत होते, माझ्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं.

घरी आणून चार्जिंगला लावली तर लाल दिवा. काढून लावली, लाल. बद्रीनाथला फोन केला, तो म्हणाला घरची वायरिंग तपासा, वायरमन बोलवा. मला तुमचीच आठवण आली मामा, खरंच. पण तोवर आप्पांनी निकाल देऊन टाकला: "परकं जनावर हाय, चाऱ्याला लागंना. उद्या वापस कर." आन माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझी बॅग बी भर." मी बॅग भरायला घेतली. दोन शर्ट बॅगेत टाकले असतील, तेवढ्यात आई बाहेर आली. म्हणाली, "गाडीला नजर लागलीय. सगळ्या गेवराईला दाखवून आणल्यावर दुसरं काय व्हायचं." मेंढरांना चाटायला ठेवलेलं खडं मीठ तिनं पातेलंभर घेतलं, (नजर मूठभरात उतरते, पण गाडी मोठी, तिला जास्त लागत असंल असं मला वाटलं), गाडीवरून ओवाळलं, आन मीटरखाली जिथं ती उघडी तार जमिनीत गेलीय तिथं नेऊन ओतलं. वर दोन घागरी पाणी. मग मला म्हणाली, आता लाव. लावली. हिरवा दिवा.

आता मी फिजिक्स शिकलोय मामा. मला लगेच कळलं की हे अर्थिंग हाय. कोरडी जमीन, मीठ, पाणी, अर्थ मिळाला, चार्जिंग सुरू. मी आप्पांना पंधरा मिनिटं हे समजावलं, काडीनं मातीत आकृती काढून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आन विचारलं, "एवढं कळत होतं, तर तू कावून न्हाई केलं?"

मी पायानं आकृती पुसली.

तर निळी घेतली. पण आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं की गाडी हिच्या हातचं खाते, तवा गाडी जाईल तिथं ही जाईल. तेव्हापासून आई पुढच्या सीटवर बसते, मांडीवर मिठाचा डबा. बाजारात शेरडाच्या तोंडात बोट घालून दात बघते, गिऱ्हाइकाला दोनदा परत पाठवते आन तिसऱ्यांदा तिच्याच भावात देते. मी दोऱ्या धरून उभा असतो. परवा एकानं मला विचारलं, "चतुराबाईची गाडी हीच का? अन् तू ड्रायव्हर का?" चार्जर कसा लावायचा हे ती मला शिकवते. धंदा मिळाला म्हणावं तर मिळालाय, आपल्याच घरात हाय, फक्त माझ्याकडं न्हाई.

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा. उत्तर ऑफिसातूनच टाका.

तुमचा,
(पुण्याला न गेलेला) लखन

ता. क. मामा, एक बारीक काम होतं, म्हणजे खरं तर त्यासाठीच एवढं लिहिलं. एखाद्या रविवारी तांब्याची पट्टी, कोळसा, जे काय लागतं ते घेऊन या आन आमचं अर्थिंग पक्कं करून द्या. मग आप्पांसमोर फक्त एवढं म्हणा की आता मिठाची गरज न्हाई. तुमी लाईनमन हायत, वरून त्यांचे मेव्हणे, तुमचं ते ऐकतील. तेवढ्यानं धंदा माझ्या हातात येईल. आईला आधी कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. आईला कळलं. पाकीट चिकटवताना तिनं धरलं आन म्हणाली, वाच. मी वाचलं. वाटलं होतं चिडंल, पण ती पदर तोंडाला लावून लई हसली. मग म्हणाली, "अर्थिंग मला म्हाईत हाय की. बोअरची मोटर झटका देत होती तवा आसारामनंच फोनवर सांगितलंतं, मीठ टाक, पाणी सोड." मी म्हणालो, मग नजर कावून म्हणालीस? तर म्हणाली, "अर्थिंग म्हणले असते तर तू गाडीवर, तुझा बाप बाजारात आन मी चुलीपुढं. इतकी वर्सं शेरडं मी वाढवली, त्यांचा बाजार एकदा बी बघितला नव्हता." वर आणखी म्हणाली, "आन तू क्लासबिसचं नाव काढू नको. मला ड्रायव्हर लागतो."

तेव्हा मामा, या, पण तार-पट्टी काही आणू नका, नुसतं जेवायला या. आणायचंच झालं तर खड्या मिठाचं एक पोतं आणा. मेंढरांच्या मिठाचं पोतं उतरत चाललंय हे आप्पांच्या ध्यानात यायला लागलंय.