थंडा झाला

५ जानेवारी, वणी
आलो एकदाचा! कापसाच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम, मागेच राहायला खोली, अंगणात भरपूर ऊन. रविवारी उर्वशीला आणतो. लग्नाला सहा महिने झाले, बायको किती दिवस आर्णीतच ठेवायची? मॅनेजर नागोराव बोलघेवडे. आधीचा मिस्त्री धर्मपाल काहून गेला विचारलं, तर एवढंच म्हणाले, "थंडा झाला ना बाप्पा." होतं असं, माणसाचा उत्साह आटतो.

६ जानेवारी
वजनकाट्याचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतो, बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबतात. तपासला. प्रोसेसरचे तीन कोअर पंचेचाळीस अंशांवर, चौथा नव्वदला! उघडून पाहतो तर प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरच्या चार स्क्रूंपैकी एक ढिला, कूलर एका अंगाला कललेला. धर्मपालनं नुसत्या पाट्या टाकल्या होत्या. कूलरखाली उष्णता ओढायला लावतात त्या वाळक्या पेस्टमध्ये अंगठ्याचा ठसा होता. पुसला, नवी पेस्ट लावली, स्क्रू तिरपे समोरासमोर, थोडे थोडे आवळले. चारही कोअर सदतीस. स्वतःचीच पाठ थोपटली.

७ जानेवारी
मशीन सकाळभर राबलं, तरी सदतीसच. हे बरोबर नाही. जेवणाच्या सुट्टीत मेन स्विच पाडला. तासाभरानंही कूलर कोमट, माणसाच्या अंगासारखा.
माझा उजवा अंगठा गार पडलाय. उन्हात धरला, फरक नाही.

८ जानेवारी
अख्खा हात गार. डॉक्टरांच्या थर्मामीटरचा आकडा चढेना. त्यांनी दुसरं आणलं, तेही तसंच.
झाडलोट करणाऱ्या नंदाबाईंना धर्मपालचं विचारलं. त्या म्हणाल्या, "काम सोडून नाही गेला जी. इथंच टेबलावर मेला, थंडा झाला. मीनंच पाह्यलं. हातात पेचकस होता, एकच स्क्रू खोलता आला त्याले."
म्हणजे तो कूलर काढत होता. आणि मी तो स्क्रू पुन्हा आवळला. मला भीती वाटते.

१० जानेवारी
डाव्या हातानं लिहितोय. पळून जायला निघालो, फाटकाशीच पाय बधिर. सरपटत परत येऊन कूलरला हात टेकला तेव्हा कुठे जीवात जीव—
नंदाबाई, नागोराव, कुणीच मशीनजवळ येत नाही. दोन स्क्रू सुटले. पेचकस बोटांत ठरत नाही. उद्या मी आणायला गेलो नाही तर उर्वशी स्वतःच येईल. तिला येऊ नको सांगायचंय, फोन लागत नाही—

११ जानेवारी
उर्वशी आली. एकटीच. माझे हात पाहून रडली.
नको म्हणेपर्यंत पेचकस उचलला तिनं. तिसरा सुटला. चौथा—
कूलरवर हात ठेवून म्हणाली, इथं किती गरम हाये—
ओढली मागं. तिचा हात माझ्या हातात आहे. माझ्या हाताला तो गरम लागायला हवा. लागत ना—